फोटोभोवती चारही बाजूंनी समान बॉर्डर : आधी हिशेब, मग सॉफ्टवेअर

डिजिटल फोटोभोवती पांढरी किंवा काळी बॉर्डर घालणे हे संगणकावर अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ती बॉर्डर चारही बाजूंना खरोखर सारखी दिसणे मात्र सॉफ्टवेअरपेक्षा आपण आधी केलेल्या हिशेबावर अवलंबून असते. पडद्यावर नीट दिसलेली बॉर्डर प्रिंटमध्ये डावीकडे जाड आणि उजवीकडे बारीक येते, किंवा वरखाली जवळजवळ नाहीशी होते, आणि मग दोष लॅबच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा तो दोष फाइलमध्येच असतो. म्हणून या लेखात आधी मापांचा विचार केला आहे आणि त्यानंतर गिम्प व फोटोशॉप या दोन सॉफ्टवेअरमधील कृती सविस्तर दिली आहे. मेनूंची नावे इंग्रजी आवृत्तीत जशी दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत.

बॉर्डरमुळे फोटोचे प्रमाण बदलते

बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ या प्रमाणात असतो. समजा तो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे. त्याच्या चारही बाजूंना २०० पिक्सेलची बॉर्डर घातली, तर रुंदीत डावे-उजवे मिळून ४०० आणि उंचीत वर-खाली मिळून ४०० पिक्सेल वाढतात आणि नवी फाइल ६४०० बाय ४४०० होते. रुंदीला उंचीने भागल्यास पूर्वी १.५ येत होते, आता सुमारे १.४५ येते. प्रमाणातला हा फरक छोटा वाटतो, पण पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघतात. कारण ४ बाय ६ इंची, ८ बाय १२ इंची आणि १२ बाय १८ इंची हे कागद काटेकोरपणे ३:२ प्रमाणाचे आहेत आणि आपली बॉर्डर घातलेली फाइल आता त्या प्रमाणाची राहिलेली नाही. अशी फाइल कागदभर छापायची तर यंत्राला वरचा आणि खालचा भाग कापावा लागतो, आणि कापला जातो तो नेमका बॉर्डरचा भाग.

दुसरी चूक टक्केवारीमुळे होते. कॅनव्हासचा, म्हणजे फोटो ज्यावर मांडलेला असतो त्या पूर्ण जागेचा, आकार ‘१० टक्के वाढवा’ असे सांगितले की सॉफ्टवेअर रुंदीचे १० टक्के आणि उंचीचे १० टक्के वेगवेगळे काढते. आपल्या उदाहरणात रुंदी ६०० पिक्सेलने आणि उंची ४०० पिक्सेलने वाढेल, म्हणजेच बाजूंना ३०० आणि वरखाली २०० पिक्सेलची बॉर्डर येईल. चौरस फोटो सोडला तर टक्केवारीने समान बॉर्डर कधीच येत नाही. त्यामुळे माप नेहमी पिक्सेलमध्ये, इंचात किंवा मिलिमीटरमध्येच द्यावे.

कागदापासून आत हिशेब करा

फोटो छापायचा असेल तर फोटोपासून बाहेर जाण्याऐवजी कागदापासून आत येणे हाच खात्रीचा मार्ग आहे. लॅबमध्ये छापण्यासाठी साधारणपणे इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने ६ बाय ४ इंचाचा आडवा कागद १८०० बाय १२०० पिक्सेलचा होतो. पाव इंच बॉर्डर हवी असेल तर ७५ पिक्सेल लागतात, म्हणून दोन्ही दिशांमधून १५० वजा केल्यावर फोटोसाठी १६५० बाय १०५० एवढी जागा उरते. हे प्रमाण ११:७ आहे. याचा अर्थ असा की, बॉर्डर घालण्याआधीच फोटो ११:७ या प्रमाणात कापून घ्यायला हवा. मूळ ६००० बाय ४००० च्या फोटोत पूर्ण रुंदी ठेवली तर उंची सुमारे ३८१८ पिक्सेल राहते, म्हणजे १८२ पिक्सेल उंची गमवावी लागते.

हे १८२ पिक्सेल कुठून काढायचे, हे मात्र डोळ्यांनी ठरवायचे असते. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचा आडवा फोटो असेल आणि शिखराचे टोक फ्रेमच्या वरच्या कडेजवळ आले असेल, तर सगळी कपात खालच्या मोकळ्या फरशीतून करावी. वरून आणि खालून सारखेच कापणे सोपे वाटते, पण शिखरावरचे आकाश निम्मे झाले की मंदिर बॉर्डरला टेकल्यासारखे दिसते. बॉर्डर घातल्यावर कडेजवळच्या वस्तू पूर्वीपेक्षा अधिक खटकतात, कारण कड आता स्पष्ट झालेली असते.

प्रदर्शनासाठी १२ बाय १८ इंचाचा प्रिंट आणि एक इंच बॉर्डर हवी असेल, तर फोटोला १६ बाय १० इंच जागा उरते. ते ४८०० बाय ३००० पिक्सेल होतात आणि प्रमाण ८:५ येते. ए-फोर किंवा इतर कोणत्याही कागदासाठी हीच वजाबाकी करावी. मिलिमीटरमध्ये विचार करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे आहे की एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून ३०० च्या हिशेबात १० मिलिमीटरला साधारण ११८ पिक्सेल लागतात.

कामाचा क्रम

सर्वप्रथम मूळ फाइलची प्रत काढून तिच्यावरच काम करावे. त्यानंतर फोटो सरळ करावा. क्षितिज किंवा इमारतीची उभी रेषा एखाद्या अंशाने कललेली असेल तर बॉर्डरच्या काटकोनी कडेमुळे तो कल लगेच डोळ्यात भरतो. घरातल्या जुन्या अल्बममधून स्कॅन केलेल्या कृष्णधवल फोटोंना बहुधा स्वतःची पिवळट पडलेली पांढरी कड असते. ती स्कॅनमध्ये किंचित तिरकी आलेली असते, त्यामुळे आधी स्कॅन सरळ करून ती कड पूर्णपणे कापून टाकावी आणि मगच नवी बॉर्डर घालावी. जुनी कड हाच त्या प्रिंटच्या काळाचा पुरावा म्हणून जपायची असेल, तर मूळ स्कॅन वेगळा ठेवावा.

सरळ करून झाल्यावर रंग आणि उजेडाची कामे, मग ठरलेल्या प्रमाणात काप, मग अंतिम पिक्सेलमापापर्यंत आकार बदलणे, त्यानंतर शार्पनिंग (फोटोतल्या कडा अधिक ठसठशीत करणे) आणि सर्वांत शेवटी बॉर्डर, हा क्रम सोडू नये. बॉर्डर घातल्यानंतर शार्पनिंग केले तर फोटो आणि बॉर्डर जिथे मिळतात तिथे एक उजळ किंवा काळपट रेघ उमटते. बॉर्डर घातल्यानंतर आकार बदलला तर बॉर्डरचेही पिक्सेल बदलतात आणि आपण केलेला हिशेब वाया जातो.

गिम्पमधील कृती

गिम्प हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. फोटो उघडल्यावर क्रॉप टूल घ्यावे. त्याच्या पर्यायांमध्ये ‘फिक्स्ड’ वर खूण करून ‘ॲस्पेक्ट रेशो’ निवडावा आणि खालच्या चौकटीत ११:७ असे लिहावे. आता निवड कशीही ओढली तरी प्रमाण तेच राहते. ती वरखाली सरकवून योग्य जागी आणावी आणि एंटर दाबावे. त्यानंतर ‘इमेज’ मेनूतील ‘स्केल इमेज’ मध्ये रुंदी १६५० आणि उंची १०५० करावी, तसेच त्याच खिडकीत एक्स आणि वाय रेझोल्यूशन (इंचाला किती पिक्सेल) ३०० ठेवावे. प्रमाण बरोबर कापलेले असेल तर एक आकडा लिहिल्यावर दुसरा आपोआप जुळतो. एखाद्या पिक्सेलचा फरक पडला तर साखळीचे चिन्ह उघडून तो हाताने दुरुस्त करावा.

आता ‘इमेज’ मेनूतून ‘कॅनव्हास साइज’ उघडावे. इथे रुंदी आणि उंचीच्या शेजारी पुन्हा तेच साखळीचे चिन्ह दिसते, आणि ते जोडलेले राहिले तर बॉर्डर हमखास असमान येते. साखळी जोडलेली असताना रुंदी १८०० लिहिली, की गिम्प जुने प्रमाण राखण्यासाठी उंची १२०० ऐवजी ११४५ करतो, आणि वरखालची बॉर्डर बाजूंपेक्षा कमी पडते. म्हणून आधी साखळीवर क्लिक करून ती तोडावी, मग १८०० आणि १२०० हे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे लिहावेत आणि ‘सेंटर’ हे बटण दाबावे. त्याच खिडकीतील ‘ऑफसेट’ च्या एक्स आणि वाय या दोन्ही चौकटींत आता ७५ दिसले पाहिजे. हे दोन आकडे सारखे असतील तर बॉर्डर समान आहे. वेगळे असतील तर पुढे न जाता मापे पुन्हा तपासावीत. आकडे जुळल्यावर ‘रिसाइझ’ दाबावे.

कॅनव्हास वाढला तरी नव्या जागेत अजून रंग नसतो. तो भरण्याचा घाईचा मार्ग म्हणजे बॅकग्राउंडचा रंग पांढरा ठेवून ‘इमेज’ मेनूतील ‘फ्लॅटन इमेज’ वापरणे. मला मात्र दुसरी रीत अधिक पसंत आहे. ‘लेयर’ मेनूतून पांढऱ्या रंगाने भरलेला नवा लेयर, म्हणजे चित्राचा स्वतंत्र थर, घ्यावा आणि तो सर्वांत खाली न्यावा. अशाने बॉर्डर फोटोपासून वेगळी राहते आणि उद्या पांढऱ्याऐवजी काळा किंवा करडा रंग हवा असेल तर फक्त तो एक लेयर बदलावा लागतो. काम गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात जतन करावे आणि लॅबला द्यायची जेपीईजी प्रत ‘फाइल’ मेनूतील ‘एक्स्पोर्ट ॲज’ ने वेगळी काढावी.

गिम्पमध्ये ‘फिल्टर्स’ मेनूतील ‘डेकोर’ या उपमेनूत ‘ॲड बॉर्डर’ नावाची तयार सोयही आहे. तिच्यात आडव्या आणि उभ्या बाजूंचा आकार वेगवेगळा विचारला जातो, म्हणून दोन्ही ठिकाणी एकच आकडा लिहावा. शेवटी ‘डेल्टा व्हॅल्यू’ असा एक आकडा असतो. त्यामुळे चार बाजूंच्या छटा कमीजास्त होऊन उठावाचा भास होतो. सपाट, एकरंगी बॉर्डर हवी असेल तर तो शक्य तितका कमी ठेवावा. अनेकांची ‘समान’ बॉर्डर एका बाजूला गडद दिसते ती याच कारणाने.

फोटोशॉपमधील कृती

फोटोशॉपमध्ये काप आणि आकार ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. क्रॉप टूल घेऊन वरच्या पट्टीत रुंदी, उंची आणि रेझोल्यूशन देण्याचा पर्याय निवडावा आणि ५.५ इंच, ३.५ इंच व ३०० हे आकडे भरावेत. काप झाल्यावर फोटो थेट १६५० बाय १०५० चा होतो. त्यानंतर ‘इमेज’ मेनूतील ‘कॅनव्हास साइज’ उघडावे. विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि सी या कळा एकत्र दाबूनही ती खिडकी येते.

इथे ‘रिलेटिव्ह’ वर खूण करावी, एकक पिक्सेल ठेवावे आणि रुंदी व उंची या दोन्ही चौकटींत १५० लिहावे. हा आकडा एका बाजूचा नसून दोन्ही बाजूंचा मिळून आहे, हे विसरू नये: १५० लिहिल्यावर प्रत्येक बाजूला ७५ येतात. आकडा नेहमी सम असावा. विषम असेल तर एका बाजूला एक पिक्सेल जास्त जातो. मोठ्या प्रिंटमध्ये तो दिसणार नाही, पण एक-दोन पिक्सेलच्या बारीक रेघेत स्पष्ट दिसतो. ‘अँकर’ च्या नऊ चौकटींपैकी मधली निवडलेली असावी. सर्वांत खाली ‘कॅनव्हास एक्स्टेन्शन कलर’ मध्ये रंग निवडून ओके करावे. हा रंगाचा पर्याय कधीकधी फिकट होऊन निवडता येत नाही, कारण फोटोचा लेयर ‘बॅकग्राउंड’ न राहता साधा लेयर झालेला असतो. अशा वेळी वाढलेली जागा पारदर्शक राहते. तिथे ‘लेयर’ मेनूतून एकरंगी ‘सॉलिड कलर’ चा फिल लेयर घेऊन तो फोटोच्या खाली ठेवावा. खरे तर बॉर्डर पुढे बदलण्याची शक्यता असेल तर हीच पद्धत अधिक सोयीची आहे.

बॉर्डरसाठी ‘स्ट्रोक’ (कडेने रेघ ओढण्याची सोय) वापरण्याचा सल्ला अनेक जण देतात. स्ट्रोक ‘इनसाइड’ ठेवला तर तो फोटोच्या कडेवरच रंग चढवतो आणि तेवढा फोटो झाकला जातो. लेयर स्टाइलमधला स्ट्रोक ‘आउटसाइड’ ठेवला तर कोपरे गोलसर येतात. त्यामुळे रुंद बॉर्डरसाठी कॅनव्हास वाढवणेच योग्य आहे. ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांना ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्ये जवळजवळ याच मेनूंनी हे काम करता येते.

पुष्कळ फोटोंना एकसारखी बॉर्डर

एखाद्या समारंभाचे किंवा सहलीचे शंभर फोटो असतील, तर त्यांची मूळ मापे वेगवेगळी असण्याची शक्यता मोठी असते. मोबाइलचा फोटो, कॅमेऱ्याचा फोटो आणि त्यातून कापलेला तुकडा या सगळ्यांना ६० पिक्सेलची बॉर्डर घातली, तर एकावर ती जाड आणि दुसऱ्यावर बारीक दिसेल. म्हणून आधी सर्वांची लांब बाजू सारखी करावी. लांब बाजू २०४८ पिक्सेल ठरवली, तर ३:२ चा उभा फोटो १३६५ बाय २०४८ होतो आणि ६० पिक्सेलची बॉर्डर घातल्यावर १४८५ बाय २१६८. आडव्या फोटोत हेच आकडे उलटे येतात आणि शेजारी ठेवल्यावर दोन्हींची बॉर्डर एकाच जाडीची दिसते.

फोटोशॉपमध्ये यासाठी ‘ॲक्शन’, म्हणजे पुन्हा चालवता येणारी कृतींची मालिका, नोंदवावी. तिच्यात आधी ‘फाइल’, ‘ऑटोमेट’, ‘फिट इमेज’ या मार्गाने २०४८ बाय २०४८ ची मर्यादा घालावी आणि मग ‘कॅनव्हास साइज’ मध्ये रिलेटिव्ह १२० पिक्सेल द्यावेत. नोंदणी थांबवून ‘फाइल’, ‘स्क्रिप्ट्स’, ‘इमेज प्रोसेसर’ मधून ती ॲक्शन संपूर्ण फोल्डरवर चालवता येते आणि तयार प्रती वेगळ्या जागी जतन होतात. विंडोजवर इरफानव्ह्यू हे हलके सॉफ्टवेअरही या कामाला उत्तम आहे. त्याच्या ‘चेंज कॅनव्हास साइज’ मध्ये डावी, उजवी, वरची आणि खालची बाजू अशी चार स्वतंत्र मापे लिहिता येतात, त्यामुळे अर्ध्या-दुपटीचा गोंधळ होत नाही, आणि बॅच रूपांतरातही ही सोय मिळते. मूळ फाइलींवरच प्रती लिहिल्या जाणार नाहीत, एवढी खात्री आधी करून घ्यावी.

रंग, जाडी आणि बारीक रेघ

बॉर्डरची जाडी फोटोच्या लहान बाजूच्या तीन ते पाच टक्के धरली तर ती फोटोवर स्वार होत नाही. ही टक्केवारी फक्त आकडा काढण्यासाठी वापरायची. मिळालेला आकडा चारही बाजूंना पिक्सेलमध्येच लिहायचा. प्रदर्शनाच्या प्रिंटला याहून रुंद बॉर्डर शोभते. माउंट (फ्रेममध्ये चित्राभोवती बसवायचा पुठ्ठा) कापणारे कारागीर खालची बाजू मुद्दाम थोडी जास्त ठेवतात, कारण सारखी ठेवली तर चित्र खाली घसरल्यासारखे वाटते. तो वेगळा आणि जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. अर्धवट फरक मात्र ठेवू नये. एक तर चारही बाजू काटेकोर सारख्या असाव्यात, नाही तर फरक पाहताक्षणी कळावा इतका असावा.

पांढरी बॉर्डर बहुतेक फोटोंना चालते, पण पावसाळ्यातल्या ढगाळ आकाशाचा फोटो घ्या. वरच्या कडेचे आकाश जवळजवळ पांढरे असते, त्यामुळे फोटो नेमका कुठे संपतो आणि बॉर्डर कुठे सुरू होते हे कळत नाही. खाली काळसर दगडाची कड ठसठशीत आणि वर कडच नाही, म्हणून मोजून समान असलेली बॉर्डर डोळ्यांना वर अधिक रुंद वाटते. यावर उपाय म्हणजे फोटो आणि बॉर्डर यांच्यामध्ये एक बारीक करडी रेघ घालणे. आधी कॅनव्हास रिलेटिव्ह ४ पिक्सेलने वाढवून करडा रंग द्यावा, म्हणजे प्रत्येक बाजूला २ पिक्सेल येतील. मग उरलेली पांढरी बॉर्डर घालावी आणि हे ४ पिक्सेल एकूण हिशेबातून वजा करावेत. पांढऱ्या पार्श्वभूमीच्या वेबपानावर फोटो जाणार असेल तर अशीच रेघ बॉर्डरच्या बाहेरही लागते, नाही तर बॉर्डर पानात विरघळून जाते.

छापताना शुद्ध पांढऱ्या जागी शाई पडत नाही, तिथे कागदाचाच रंग दिसतो. मलईसारखा किंचित पिवळसर रंग दिला तर तो छापला जातो आणि कागदाच्या कापलेल्या कडेपाशी वेगळा दिसू शकतो, म्हणून प्रिंटसाठी शुद्ध पांढरा किंवा गडद काळा हेच विश्वासाचे. जेपीईजी काढताना दर्जा ९० च्या वर ठेवावा. कमी दर्जात फोटोच्या लाल किंवा काळ्या कडेलगत स्वच्छ पांढऱ्या बॉर्डरमध्ये मळकट ठिपके उतरतात. रंगांसाठी एसआरजीबी हे सर्वत्र चालणारे रंग-प्रोफाइल ठेवणे सर्वसाधारणपणे सुरक्षित असते.

ठरावीक चौकटीत बसवायचे असेल तर

इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० ची उभी चौकट घेतली आणि ४० पिक्सेलची समान बॉर्डर ठरवली, तर आत १००० बाय १२७० ची जागा मिळते. त्यात २:३ चा उभा फोटो भरायचा तर ४००० बाय ६००० मधून उंचीचे ९२० पिक्सेल कापावे लागतात, आणि ही कपात बहुतेक फोटोंना सोसत नाही. अशा वेळी चारही बाजूंचा हट्ट सोडून फोटो ८४६ बाय १२७० करावा. वरखाली ४० आणि डावी-उजवीकडे ११७ पिक्सेल राहतील. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्याने तो नीटनेटकाच दिसतो.

छायाचित्र स्पर्धेला फोटो पाठवण्यापूर्वी नियमावली वाचावी, कारण काही ठिकाणी बॉर्डरला मनाई असते आणि परवानगी असली तरी कमाल मापात बहुधा बॉर्डरही मोजली जाते. मर्यादा १९२० बाय १०८० असेल आणि २० पिक्सेलची बॉर्डर हवी असेल, तर ३:२ चा आडवा फोटो १५६० बाय १०४० करावा. बॉर्डरसह तो १६०० बाय १०८० होतो.

लॅबमध्ये देताना

कडेपर्यंत छापणारी यंत्रे चित्र कागदापेक्षा किंचित मोठे करतात, जेणेकरून कडेला पांढरी फट राहू नये. बॉर्डर घातलेल्या फाइलीतही तसेच होते आणि चारही बाजूंचा थोडा भाग कागदाबाहेर जातो. त्यात कागद एखाद्या मिलिमीटरने सरकला तर ३ मिलिमीटरची बॉर्डर एका बाजूला २ आणि समोर ४ मिलिमीटरची होते. तेवढाच फरक १२ मिलिमीटरच्या बॉर्डरमध्ये सहसा जाणवत नाही. म्हणून छापायची बॉर्डर पाव इंचापेक्षा बारीक ठेवू नये आणि काउंटरवर ‘क्रॉप करू नका, आहे त्या मापात काढा’ असे स्पष्ट सांगावे. पुष्कळ प्रती हव्या असतील तर आधी एकच प्रिंट काढून घ्यावा.

तो हातात आल्यावर पट्टीने चारही बाजू मोजाव्यात. डावी बाजू उजवीपेक्षा किंवा वरची खालचीपेक्षा वेगळी असेल, पण फाइलमध्ये चारही बाजूंना ७५ पिक्सेल असल्याची खात्री असेल, तर कागद यंत्रात सरकला आहे आणि प्रिंट पुन्हा मागणे रास्त आहे. दोन्ही बाजू एकमेकींशी सारख्या आणि वरखाली मात्र दोन्हीकडे कमी असेल, तर फाइलचे प्रमाण कागदाशी जुळत नाही. त्या वेळी नव्या बॉर्डर घातलेल्या फाइलीवर डागडुजी करत बसू नये, कापाआधीच्या प्रतीवर परत जाऊन कागदाच्या मापातून वजाबाकी पुन्हा करावी.